ग्रंथ मंदिरातच हरवला होता

प्रश्न: आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, ख्रिस्ती घरं मोजून सात, पाळक पंधरा दिवसातून एकदा येतात. गावात दारू उघड विकून राहिले, मोबाईलवर रमी अन् क्रिकेटचा सट्टा, माझं पोरगं पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत त्यातच असते. खरं सांगतो, माझाच विश्वास थंड पडला आहे, उपासनेत बसतो पण मन लागत नाही. बायको म्हणते घरी शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यास चालू करा. एवढ्या बिघडलेल्या जमान्यात नुसतं वाचून काय फरक पडन? भाषा पण जड जाते.

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. वहिनी बरोबर म्हणतात.

जमाना बिघडणं शास्त्राला नवीन नाही. बायबलातलं तीमथ्याला, म्हणजे पौलाच्या तरुण सोबत्याला, लिहिलेलं दुसरं पत्र काढा, चारच अध्याय आहेत. पौल तुरुंगातून लिहून राहिला, अन् तिसऱ्या अध्यायात सांगतो की माणसं स्वार्थी होतील, पैशाची लोभी होतील, आईबापाचं ऐकणार नाहीत, म्हणजे तुमच्या गावचंच वर्णन. पण त्याच अध्यायात पुढे तो तीमथ्याला म्हणतो की लहानपणापासून तुला जे पवित्र शास्त्र माहीत आहे त्यात टिकून राहा. रोग अन् औषध एकाच पानावर आहे, आपण रोगापर्यंत वाचतो अन् मान हलवून पुस्तक बंद करतो.

बायबलातल्या 2 राजे या पुस्तकाचा 22वा अध्याय वाचा. योशीया आठ वर्षांचा असताना यहूदाचा राजा झाला, त्याच्या आज्यानं, मनश्शेनं, यरुशलेम निर्दोष माणसांच्या रक्तानं भरलं होतं, म्हणजे जमाना किती वाईट असेल बघा. योशीयाच्या राज्याच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालू होती तेव्हा हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. हरवला होता कुठं, तर मंदिरातच! आपल्या घरी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं बायबल म्हणजे दुसरं काय आहे? राजानं ते ऐकलं अन् दुःखानं कपडे फाडले. दुसऱ्या कोणाचे नाही, स्वतःचे. मला वाटते विश्वास नवा होतो तो इथूनच, शास्त्र आधी वाचणाऱ्याला धरते, गावाचा नंबर मग लागतो.

माझ्याच घरचं सांगतो. काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसात आम्ही जेवण झाल्यावर आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होतो, रोज एक अध्याय. आमोस काही मोठा पंडित नव्हता, मेंढरं राखणारा अन् उंबराच्या झाडांची निगा करणारा साधा माणूस. आठव्या अध्यायात व्यापारी म्हणतात की माप लहान करू, वजन मोठं करू, खोट्या तराजूनं फसवू. बायको वाचत होती अन् ती तिथं थांबली. बाहेर निंबाला आमचा काटा लटकलेला होता. वेचणाऱ्या बायांच्या प्रत्येक गाठोड्यामागे मी फडक्याचं वजन म्हणून अर्धा किलो कापायचो, अन् फडकं पाव किलोही भरत नव्हतं. व्यापारी आपल्या कापसात कट्टी लावते, म्हणजे वजन कापते, म्हणून मी दिवसभर शिव्या घालायचो, अन् संध्याकाळी तेच मी त्या बायांसोबत करत होतो. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी नुसतं फडकं काट्याला लावून बायांसमोर वजन केलं, अन् तेवढंच कापणं सुरू केलं, मागच्या आठवड्याचा हिशोब पण दिला. त्यानंतर प्रार्थनेला बसलो तर कितीतरी दिवसांनी वाटलं की समोर कोणीतरी ऐकून राहिलं आहे.

भाषेचं म्हणाल तर पंडिता रमाबाईंनी हिब्रू अन् ग्रीक शिकून, साध्या बायांना समजावं म्हणून अख्खं बायबल मराठीत केलं, 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा काम नुकतंच संपलं होतं. तुमच्यासारख्यांसाठीच एका बाईनं एवढे कष्ट घेतले. आता मोबाईलवर सोप्या भाषेतलं भाषांतर पण मिळते, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, जड शब्द सुटतो. पण तुकडे नका वाचू, आज इथलं वचन उद्या तिथलं असं केलं की मनात काही राहत नाही, एक पुस्तक धरा अन् शेवटपर्यंत न्या.

पोराला मात्र वचनं फेकून मारू नका. कर्ज झालं असेल तर एकदा शांत बसून आकडा विचारा, आरडाओरड न करता, हे लगेच करा.

अन् सुरुवात बायबलातल्या रूथच्या पुस्तकापासून करा, चारच अध्याय आहेत, दुष्काळ, परका गाव, विधवा सासू-सून अन् दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणं, आपल्याकडं हे कोणाला समजवावं लागत नाही. पोरगं सोबत बसलं नाही तरी चालते. त्याच्या खोलीचं दार उघडं राहू द्या अन् तुम्ही मोठ्यानं वाचा.