१/१० आरसी ट्रकमधली ब्रश मोटर काढून ब्रशलेस बसवायची आहे. बॅटरी टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर). किती केव्हीची घेऊ आणि बसवताना काय पाहू?

ट्रक मातीत पळवायचा आणि बॅटरी टू-एसच ठेवायची असेल, तर ३६५० मापाची, चार पोलची (चार चुंबकीय ध्रुवांची), ३००० ते ३५०० केव्हीची मोटर आणि ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारं यंत्र) घ्या. शक्यतो दोन्ही एकाच संचातले. ३६५० म्हणजे ३६ मिमी व्यास आणि ५० मिमी लांबी. जुन्या ५४० मापाच्या ब्रश मोटरच्या जागी ती बसते, स्क्रूची भोकंही त्याच २५ मिमी अंतरावर असतात. शाफ्ट मात्र ३.१७५ मिमीचाच आहे ना, ते पाहून घ्या. ५ मिमीवर तुमचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं लहान दातेरी चक्र) चढणार नाही. दगडांवरून हळू चढवायची गाडी असेल तर सेन्सरवाली मोटर घ्या, कारण बिनसेन्सरची मोटर कमी वेगात अडखळत सुटते.

केव्ही म्हणजे ताकद नव्हे. एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते, एवढंच तो आकडा सांगतो. ३३०० गुणिले टू-एसचे ७.४ व्होल्ट म्हणजे सुमारे २४,४०० फेरे, तेही लोड नसताना. एकूण गिअर गुणोत्तर १२ आणि चाक १०० मिमीचं धरलं तर हिशोबाने ताशी ३८ किमी येतात. मैदानात त्याहून कमीच मिळतील. त्याच गिअरवर जास्त केव्हीची मोटर लावली की करंट वाढतो आणि मोटर तापते.

म्हणून माझा सगळा भर पिनियनवर आहे. ब्रश मोटरवर होता त्यापेक्षा २-३ दात कमी असलेला, स्टीलचा पिनियन घेऊन सुरुवात करा. मोटर तापली की पुष्कळ जण पिनियन मोठा करतात, ते अगदी उलट आहे: लहान पिनियनने वेग थोडा जातो, पण मोटर थंड राहते. पिच (दातांचं माप) स्परशी, म्हणजे पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या चक्राशी, जुळलाच पाहिजे. ४८ पिच आणि ०.६ मॉड्यूल नजरेला सारखेच वाटतात, पण एकत्र चालवले तर प्लॅस्टिकचा स्पर पाहता पाहता झिजतो.

बसवताना सर्वात महाग पडते ती स्क्रूची लांबी. मोटर माउंटची पट्टी ३ मिमीची असेल तर ८ मिमीचा एम३ स्क्रू मोटरच्या आत ५ मिमी जातो. आतली वाइंडिंग तिथून जवळच असते. टोक तिला टेकलं की तारेवरचा इनॅमल खरवडतो, शॉर्ट होतो आणि मोटरबरोबर ईएससीही जातो. मोटरच्या भोकाची खोली काडीने मोजा आणि स्क्रूचा आत जाणारा भाग त्याहून १ मिमी तरी आखूड ठेवा.

पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा आणि मग पट्टी ओढून काढा. ती फाटली तर मेश (दातांची एकमेकांतली पकड) घट्ट झाला. पट्टी काढल्यावर स्परला किंचित खेळ राहिला पाहिजे, आणि तो पूर्ण फेरा फिरवून तपासायचा. पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर, निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावून.

बिनसेन्सरची मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल करा. सेन्सरवाल्यात मात्र ए, बी, सी जिथल्या तिथेच जोडायच्या. बॅटरीचा जुना टामिया कनेक्टर या करंटला वितळतो, त्याजागी एक्सटी६० कनेक्टर सोल्डर करा. लाल-काळी तार एकदा जरी उलटी लागली तरी ईएससी संपतो. चाकं जमिनीपासून वर ठेवून थ्रॉटल कॅलिब्रेट करा आणि कटऑफ (बॅटरी उतरली की ईएससी मोटर थांबवतो ती मर्यादा) लायपोवर, सेलला ३.२ ते ३.४ व्होल्टवर ठेवा.

पहिल्यांदा पाचच मिनिटं चालवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटर मोजा. ८० अंशांच्या वर गेली तर आणखी एक दात कमी करा. त्यापुढे चुंबक कमजोर पडू लागतात आणि ती ताकद मोटर थंड झाल्यावरही परत येत नाही. दात कमी करूनही तापत असेल तर चाकांच्या धुऱ्यांवर प्लॅस्टिकच्या बुश आहेत का ते पाहा आणि त्या जागी बॉल बेअरिंग घाला.