पोलिसांबद्दल कुणाला आधार वाटतो, तर कुणाला धास्ती. एकाच खात्याबद्दल इतका फरक का?

माझ्या मते हा फरक ठाण्याची पायरी चढणाऱ्याच्या वजनामुळे पडतो. पोलीस तेच, कायदा तोच, पण खुर्ची कुणाला मिळते आणि बाकडं कुणाला, ते बघा.

माझा मोबाईल बसमध्ये मारला गेला तेव्हा ठाणे अंमलदार अगदी गोड बोलले. "चोरी कशाला लिहिता? 'गहाळ' लिहा, दाखला लगेच देतो." चोरी लिहिली की एफआयआर आली, तपास आला, ठाण्याच्या गुन्ह्यांचा आकडाही वाढला. मी मुकाट्यानं गहाळ लिहून दिलं. तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांच्याआधी कुणा 'भाऊं'चा फोन येऊन गेला होता. त्यांना आत बसवलं, चहा आला आणि त्यांची तक्रार त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतली गेली. ते घरी जाऊन पोलिसांचं कौतुकच करणार, आणि त्यात खोटं काहीच नसणार!

हे झालं माझ्यासारख्या पांढरपेशाचं, ज्याचं फार तर एक हँडसेटचं नुकसान. पारध्यांच्या पालावर हाच प्रश्न विचारून पाहा. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत होती, तिथं हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. पण आजही आसपास घरफोडी झाली की संशयाचं बोट आधी पालाकडेच जातं. तिथल्या पोराला 'पोलीस आपले मित्र' असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

गडचिरोलीतल्या देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोघंही पोलीसच. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिची संमती असणार, असं मानून सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये दोघांना सोडलं. रात्रीच्या वेळी, ठाण्यात, वर्दीसमोर ती मुलगी प्रतिकार तरी कसा करणार होती? कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले. मग 1983 मध्ये कायदा बदलला: पोलिसांच्या ताब्यातल्या बाईनं संमती नव्हती असं कोर्टात सांगितलं, की कोर्टानं आधी तेच गृहीत धरायचं.

दुसरी बाजूही सांगतो, कारण शिपायाला शिव्या घालणं सोपं असतं. जो आपल्याला सत्ता वाटतो, तो स्वतः बदलीच्या टांगत्या तलवारीखाली असतो. 'भाऊं'चा फोन त्यानं आपटला तर त्याचं काय होईल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मोक्याच्या पदांवर किमान दोन वर्षं ठेवा, बदल्यांसाठी मंडळ नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या खटल्यात बजावलं. महाराष्ट्रानं 2014 मध्ये आपल्या पोलीस कायद्यात तशी दुरुस्तीही केली. पण बदल्यांची कुजबुज काही थांबलेली नाही.

तुम्ही स्वतः कधी अडलात तर एवढं करा. दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाविना करू शकतात, जशी चोरी) एफआयआर घ्यायला नकार मिळाला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयात, लेखी आणि पोस्टानं पाठवा (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 173). तिथंही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. आणि एफआयआर झाली की तिची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.