दारू सोडल्यावर ‘रोजच्या कामात साधना’ म्हणजे नेमकं काय करायचं?

दारू सोडून दोन महिने झाले, कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळात बसलं तरी मन ठरत नाही आणि समुपदेशक म्हणतात घरकामातच साधना शोधा, असं तुम्ही लिहिलंय.

एकच काम धरा आणि ते प्यायच्या वेळेलाच ठेवा. सकाळी कितीही मन लावून अंगण झाडलं तरी संध्याकाळी सातला जीव तळमळायचा तो तळमळतोच. माझ्या मते भाकरीसारखं काम नाही. दोन्ही हात गुंततात, मोबाईल धरता येत नाही, लक्ष सुटलं की लगेच कळतं. तलफ बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत चढून उतरते. चार भाकऱ्यांना अर्धा तास लागतो.

एका भाकरीला वाटीभर ज्वारीचं पीठ. एका वेळी एकाच भाकरीचं मळा, तळहाताच्या टाचेनं, गोळा मऊ होईपर्यंत. कडा चिरल्या तर मळणं कमी पडलंय. पीठ जुनं असेल तर विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, मग उकळतं पाणी घालून मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की भेगा पडतात. प्रत्येक थापेला मनात नाव घ्या, ‘ज्योतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणा. देव मानत नसाल तर नुसत्या थापा मोजा. मन भरकटणारच. परातीकडे परत आणायचं, साधना ती एवढीच.

हात अजून कापत असतील तर तवा-विस्तव नको. मेथी निवडा, तांदूळ निवडा.

फसतं कुठं? एक, कौतुकाची वाट बघण्यात. घरच्यांचा विश्वास दोन महिन्यांत परत येत नाही, ‘आज कुठनं सूर्य उगवला’ हेही ऐकावं लागेल. दोन, भाकरीला प्रायश्चित्त करण्यात. एखाद्या दिवशी पाय घसरला तर दुसऱ्या दिवशी दहा भाकऱ्या नकोत. नेहमीच्या चारच करा, आणि समुपदेशकांना त्याच दिवशी सांगा. तीन, रविवारचं मटण. आपल्याकडं तांबड्या रश्श्याच्या वासाला ग्लास चिकटलेला असतो, तेव्हा पहिले काही महिने ती चूल दुसऱ्याकडं द्या. आषाढातल्या पार्ट्यांना तर जाऊच नका.

आणि हे वाचणारं कुणी अजून रोज भरपूर पीत असेल, त्यानं भाकरीच्या भरवशावर एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतरच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारता येतं.

जेवणानंतर पाय जुन्या पिण्याच्या कट्ट्याकडं ओढत असतील तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशीची धार समोर काढून देतात, आणि तिथंही चार माणसं गप्पा मारत उभी असतात.