अर्खीप कुइंजी यांच्या चांदण्या रात्रीच्या चित्रात खरोखरच काही युक्ती होती का?

आपला प्रश्न असा आहे की, युक्रेनमध्ये जन्मलेले वास्तववादी निसर्गचित्रकार अर्खीप कुइंजी यांच्या ‘नीपर नदीवरील चांदणी रात्र’ या चित्रातला चंद्र इतका उजळ दिसत असे की लोक चित्रामागे दिवा शोधत, ही गोष्ट खरी आहे का, आणि खरी असल्यास त्यांनी हे साधले कसे. लोक दिवा शोधत असत, हे खरे आहे. चित्रामागे दिवा मात्र नव्हता. मी स्वतः तैलरंगात निसर्गचित्रे करतो आणि या चित्रकाराविषयी मला फार आदर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे चित्र १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एकट्याने मांडले गेले. प्रदर्शनात दुसरे एकही चित्र नव्हते. दालनाच्या खिडक्या पडद्यांनी झाकल्या होत्या आणि दिव्याचा झोत फक्त या एका कॅनव्हासवर सोडला होता. एका चित्रासाठी लोक रस्त्यावर रांगा लावून उभे राहिले आणि काहींनी आत शिरल्यावर चित्राच्या मागे डोकावून पाहिले. अंधारे दालन आणि समोरचा दिवा यांनी परिणाम वाढवला, हे मान्य केले पाहिजे. पण त्याच दालनात एखादे सामान्य चित्र टांगले असते, तर त्यातला चंद्र पांढऱ्या रंगाचा ठिपकाच राहिला असता.

खरे काम रंगांच्या शेजारामध्ये आहे. रंगपेटीतला सर्वांत उजळ पांढरा रंगसुद्धा खऱ्या चंद्रापुढे मळकट असतो, त्यामुळे प्रकाश रंगवायचा म्हणजे त्याच्या भोवतीचा अंधार नेमका रंगवायचा. कुइंजींनी चित्राचा बराच मोठा भाग गडद ठेवला, नदीचा रुपेरी-हिरवट पट्टा तेवढा उजळला, आणि काठावरची जमीन व झोपड्या लालसर तपकिरी, म्हणजे उष्ण छटांमध्ये रंगवल्या. त्या उष्ण अंधाराच्या शेजारी थंड हिरवा रंग आला की डोळ्याला तो रंग न वाटता उजेड वाटतो. काही वर्षांपूर्वी मी छापील चित्रावरून याची नक्कल करायला बसलो, तेव्हा जमिनीसाठी सरळ काळा रंग वापरला आणि सगळे चित्र कोळशासारखे मेले. तो काळा खरवडून काढला आणि बर्न्ट अंबर व बर्न्ट सिएना या उष्ण तपकिरी रंगांचा थर दिला, तेव्हा चंद्राला हातही न लावता तो उजळला. त्या दिवशी या माणसाची ताकद मला खऱ्या अर्थाने कळली.

ही नजर त्यांना सुखासुखी मिळाली नव्हती. अझोव्ह समुद्राकाठच्या मारिउपोल शहरातल्या एका गरीब ग्रीक चांभाराच्या घरी, १८४१ किंवा १८४२ साली त्यांचा जन्म झाला. आडनावाचा अर्थ मात्र ‘सोनार’ असा होतो, कारण आजोबांचा व्यवसाय तो होता. लहानपणीच आईवडील गेले. हंस राखणे, चर्चच्या बांधकामावर काम करणे, धान्याच्या व्यापाऱ्याकडे राबणे असे दिवस त्यांनी काढले. समुद्रचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या आयवाझोव्स्की यांच्याकडे शिकावे म्हणून ते क्रिमियातल्या फिओदोसियाला गेले, तर तिथे रंग घोटणे आणि कुंपण रंगवणे यापलीकडे फारसे काही वाट्याला आले नाही. पुढे त्यांनी बरीच वर्षे फोटो स्टुडिओत रिटचिंग, म्हणजे छायाचित्रांवर हाताने सुधारणा करण्याचे काम केले. या कामाला चरित्रात दोन ओळींपेक्षा अधिक जागा सहसा मिळत नाही. पण काळ्यापांढऱ्यामधल्या असंख्य करड्या पायऱ्या ओळखायला त्यांचा डोळा तिथेच तयार झाला असावा, असे मला मनापासून वाटते.

त्यांना वास्तववादी का म्हणायचे, याचे उत्तर १८७५ च्या ‘मारिउपोलमधील चुमाक मार्ग’ या चित्रात मिळते. चुमाक म्हणजे बैलगाड्यांनी मीठ आणि मासळीची ने-आण करणारे युक्रेनी व्यापारी. शरद ऋतूतला पाऊस, चिखलाने भरलेली गवताळ सपाट जमीन आणि त्यातून रेटत चाललेल्या गाड्या, एवढाच विषय. त्यात गोड करून सांगितलेले काहीही नाही. गावोगाव प्रदर्शने नेणाऱ्या ‘पेरेद्विझ्निकी’ या वास्तववादी चित्रकारांच्या मंडळात ते याच सुमारास दाखल झाले आणि १८८० साली बाहेर पडले. दरम्यान भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पेत्रुशेव्स्की आणि रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता. रंगछटांमधले सूक्ष्म फरक डोळा किती टिपतो हे मोजण्याच्या पेत्रुशेव्स्कींच्या उपकरणावर कुइंजी सर्वांच्या पुढे निघाले, अशी आठवण चित्रकार रेपिन यांनी लिहून ठेवली आहे. मेंडेलीव्ह यांनी तर चांदण्या रात्रीच्या चित्रावर वर्तमानपत्रात लेखच लिहिला.

या चित्राची दुःखद बाजूही सांगितली पाहिजे. कुइंजींनी वापरलेले काही डांबरयुक्त रंग टिकाऊ नव्हते. हे रंग फार काळ राहणार नाहीत, अशी भीती चित्रकार क्राम्स्कोय यांनी त्याच वर्षी एका पत्रात व्यक्त केली होती आणि आज आपण काय पाहिले याची नोंद पुढच्या पिढ्यांसाठी करून ठेवावी, असेही सुचवले होते. त्यातच ज्या राजपुत्राने चित्र विकत घेतले, तो ते जहाजावरून सफरीला घेऊन गेला. चित्र पॅरिसमध्येच ठेवावे म्हणून रशियन कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांनी त्याची मनधरणी केली, पण उपयोग झाला नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने रंग आणखी काळवंडले. आज आपण पाहतो ते मूळ तेजाचे उरलेले रूप आहे.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १८८२ नंतर, कुइंजींनी जवळजवळ वीस वर्षे चित्रे प्रदर्शित करणे थांबवले, रंगवणे मात्र थांबवले नाही. घरे खरेदी करून त्यांनी पैसा मिळवला, आपल्या घराच्या गच्चीवर बाग केली आणि ते रोज दुपारी तिथे पाखरांना दाणे घालत. १८९४ पासून ते कला अकादमीत शिकवू लागले. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाची बाजू घेतली म्हणून १८९७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले, तरी पुढच्याच वर्षी स्वखर्चाने त्यांनी विद्यार्थ्यांना युरोपातली कला दाखवायला नेले. १९०४ साली तरुण चित्रकारांच्या पारितोषिकांसाठी त्यांनी अकादमीला एक लाख रुबल दिले. त्यांच्या शिष्यांपैकी निकोलस रोरिक पुढे कुलू खोऱ्यातल्या नग्गरला स्थायिक झाले. तिथल्या संग्रहालयात हिमालयाची चित्रे पाहताना, निळ्या सावलीशेजारी ठेवलेला उजळ कडा दिसला की मला त्यामागे कुइंजींचा हात दिसतो.

त्यांना रशियन म्हणावे की युक्रेनी, हा वाद जुना आहे. शिक्षण, नावलौकिक आणि १९१० मधला मृत्यू हे सारे सेंट पीटर्सबर्गचे; जन्म, वंश आणि चित्रांचे कितीतरी विषय मात्र मारिउपोल आणि नीपरकाठचे. त्यामुळे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ मध्ये त्यांची नोंद युक्रेनी अशी केली, ते मला योग्य वाटते. त्यांच्या नावाचे मारिउपोलमधले संग्रहालय मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, ही बातमी वाचून फार वाईट वाटले होते.

आपल्याला हे चित्र पडद्यावरच पाहायचे असेल, तर खोलीतला उजेड कमी करा आणि खालच्या बाजूला असलेल्या झोपडीतला बारीकसा लालसर उजेड शोधा. तो बोटाने झाकून चंद्राकडे पाहा, मग बोट काढून पुन्हा पाहा.