‘काही नाही, नंतर सांगते’

प्रश्न: आमच्या आठ जणांच्या टीममध्ये एक सहकारी कर्णबधिर आहे. परवा मीटिंगमध्ये कशावरून तरी सगळे हसले. तिने ‘काय झालं?’ विचारलं, तर शेजारची म्हणाली, ‘काही नाही, नंतर सांगते.’ मी गप्प बसलो. रात्री तिला माफीचा लांबलचक मेसेज पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे.’ आता काय करू?
– अस्वस्थ

उत्तर: आणखी माफी मागू नका. पहिल्या मेसेजनेच तिच्या मागे एक जादा काम लावलं, तुमची समजूत काढायचं. त्याऐवजी एक ओळ लिहा: ‘पुढच्या मीटिंगला काय सोय केली तर बरं पडेल?’ उत्तर गृहीत धरू नका. सगळ्याच कर्णबधिरांना सांकेतिक भाषा येत नाही, आणि श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, स्पष्ट होईलच असं नाही.

‘ती ओठांवरून ओळखते की!’ असं कोणी म्हणालं, तर त्याला आरशासमोर आवाज न काढता ‘पाप’, ‘बाप’, ‘माप’ म्हणायला सांगा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. उरलेलं तिला संदर्भाने जुळवावं लागतं. बोलणारा खिडकीकडे पाठ करून बसला किंवा फळ्याकडे तोंड करून बोलला की तेही गेलं. ओरडू नका, ओठांचा आकार बिघडतो. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला.

तिने कॅप्शन (बोललेलं आपोआप पडद्यावर लिहून दाखवणारी सोय) मागितली तर प्रत्येकाला वेगळा माइक आणि एका वेळी एकानेच बोलायचं. यंत्र हमखास चुकतं ते नावं आणि आकड्यांत. ते आदल्या दिवशी लेखी पाठवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला तर तासाहून लांब मीटिंगला दोघे लागतात. साधारण 20 मिनिटांनी ते पाळी बदलतात, कारण थकलं की चुका व्हायला लागतात. (‘एकावर भागवू’ असं कोणीतरी म्हणेलच. भागत नाही.) बोलताना तिच्याकडे बघा, दुभाष्याकडे नाही. भाषांतर काही सेकंद मागे असतं, त्यामुळे ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हणून लगेच पुढचा विषय काढला तर तिची संधी हुकते. मनात पाचपर्यंत मोजा.

पुन्हा ‘नंतर सांगते’ ऐकलंत की साध्या आवाजात म्हणा, ‘एक मिनिट, आत्ताच सांगू या,’ आणि लिहून दाखवा. कुणाची खरडपट्टी काढू नका. मग सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच वळतात. वरिष्ठांकडे तिला न विचारता तिच्या नावाने तक्रार नेऊ नका. सोयी टीमच्या मीटिंगसाठी म्हणून मागा, म्हणजे दर वेळी तिला हात पसरावा लागणार नाही. तिने एखादी सोय नको म्हटलं तर नको.

मीटिंगपेक्षाही ती जास्त मागे पडते जिन्यातल्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांत. तिथे कामाचं काही ठरलं तर त्याच दिवशी ग्रुपवर लिहा, विनोदासकट.