आरएनची फी त्या पॉलिसीतून निघणार नाही, ताई

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय. वय 35, नर्सिंग होममध्ये एलपीएन (खालच्या पायरीची लायसन्स असलेली नर्स), तासाला 33 डॉलर, मुलगी पाच वर्षांची. एलपीएनवरून पुढे नेणारा ब्रिज कोर्स करून आरएन (वरच्या पायरीची रजिस्टर्ड नर्स) व्हायचंय, दोन वर्षांची फी 14 हजार डॉलर, आणि ती भरायची "लाइफ इन्शुरन्सच्या पॉलिसीत साठलेल्या 18 हजारातून". विचारलंय एवढंच की पगारातला फरक बघता हे परवडतं का.

परवडतं. 2024 च्या सरकारी आकड्यांत आरएनचा मीडियन पगार वर्षाला 93,600 आणि एलपीएनचा 62,340, म्हणजे फरक 31 हजारांचा. पण कॅलिफोर्नियातली चुलतबहीण सांगते ते 'लागतानाच 70 डॉलर' डोक्यातून काढा, तिला तिकडचं घरभाडंही विचारा एकदा. मीडियन म्हणजे सगळ्यांच्या पगारांतला मधला आकडा, पहिला पगार नव्हे. सुरुवातीला तासाला 10 जास्त धरा, वर्षाचे 20 हजार, टॅक्स जाऊन हातात 14 हजार. फी वर्षभरात वसूल, शिकताना शिफ्टा कमी केल्या तर दोन-अडीच वर्षं. झालं.

आता ते 18 हजार. ते नाहीतच हो! तुम्हीच पाठवलेल्या स्टेटमेंटवर बघा, वर ठळक कागदोपत्री साठलेले 11 हजार आणि खाली बारीक अक्षरात सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे मोडल्यावर हातात येणारे, 4,100. महिना 500 प्रमाणे तीन वर्षं भरलेत, आज मोडलीत तर एवढेच मिळणार. गणपतीच्या जेवणात मिस्टरांच्या मित्राने गळ्यात मारलेली ही इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाशी व्याज जोडलेला आयुर्विमा, "मार्केट पडलं तरी नुकसान नाही" म्हणे. मार्केट चढलं की मिळणाऱ्या व्याजाला वर कॅप (मर्यादा) असते, डिव्हिडंड धरत नाहीत आणि इन्शुरन्सचा खर्च वयाबरोबर वाढत जातो हे जिलबी वाढताना कोण सांगणार! त्या चकचकीत इलस्ट्रेशनमध्ये (पुढच्या वर्षांच्या अंदाजाच्या तक्त्यात) 'गॅरंटीड' नावाचा कॉलम आहे, तुमच्या 66व्या वर्षी तिथे शून्य छापलंय. ते पान त्यांनी उलटून दाखवलं होतं का?

आणि याच पॉलिसीपायी तुम्ही 401(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं बचत खातं, बंद ठेवलंत, जिथे तुम्ही भराल त्यावर तुमचं नर्सिंग होम पगाराच्या 4 टक्क्यांपर्यंत आपले पैसे घालतं (मॅच). 68 हजारांवर वर्षाला 2,700, तीन वर्षांचे 8 हजार फुकट सोडले. मला राग येतो तो याचा, पॉलिसीचा नंतर.

आधी वीस वर्षांची 5 लाख डॉलरची टर्म (ठरावीक वर्षांचा, बचत नसलेला साधा आयुर्विमा) घ्या, तब्येत चांगली असेल तर महिना 30 च्या आसपास पडेल. ती मंजूर होऊन हातात आली की मगच ही मोडा, उलटं करू नका, मुलगी लहान आहे. तोट्यात मोडताय म्हणून टॅक्स लागणार नाही. सुटलेल्या 500 मधून आधी मॅचपुरतं 401(के) चालू करा, उरेल ते फीला.

आणि एचआरला विचारा, फीला मदत देतात का. कंपनीने दिलेले वर्षाला 5,250 पर्यंत टॅक्स-फ्री असतात, दोन वर्षांत साडेदहा हजार, म्हणजे तुमच्या खिशातून साडेतीन हजारच. फक्त सही करायच्या आधी बघा, आरएन झाल्यावर तिथेच किती वर्षं थांबायची अट आहे, कारण खरी पगारवाढ बहुतेक दुसऱ्या जागी गेल्यावरच मिळेल.