कोकणातल्या सेंद्रिय शेतीतली खरी जाणती माणसं कशी ओळखायची?

तुम्ही विचारलंय, की तुमची संस्था कोकणातल्या सेंद्रिय शेतकऱ्यांचा दरवर्षी सन्मान करणार आहे, तर त्यातली खरी जाणती माणसं ओळखायची कशी आणि अर्जासोबत कुठली कागदपत्रं मागायची.

कागदपत्रांचं आधी सांगतो, कारण तो माझा रोजचा धंदा आहे. सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, दाखले, सगळं. माझं म्हणणं एवढंच की अर्जातून सातबारा काढून टाका. तो मागितलात की अर्धी खरी माणसं दारातूनच परत जातात, आणि त्यांत बहुतेक बायका असतात.

आमच्याकडचा सातबारा एकदा डोळ्यांखालून घाला. चार गुंठ्यांच्या कुणग्यावर, म्हणजे भातशेतीच्या लहानशा तुकड्यावर, वीस-बावीस नावं. काही वारलेली, बाकीची मुंबईला. आणि जिथं एकच नाव दिसतं तिथं त्याच्यापुढं ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. पन्नास-साठ वर्षांपूर्वी घरातल्या थोरल्याचं नाव लागलं, पुढं त्याच्या मुलाचं, आणि चिखलात कोण उभं आहे हे त्या कागदाला कधी कळलंच नाही.

आमच्या घरात तेच झालं. जमीन आजोबांची. नाव लागलं थोरल्या काकांचं, ते गेल्यावर त्यांच्या मुलाचं, म्हणजे माझ्या चुलतभावाचं. दादा डोंबिवलीला असतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. शेती करते ती धाकटी काकी. धाकटे काका जाऊन पंचवीस वर्षं झाली, तिचं नाव कुठंच नाही.

ही काकी वालय राखते. वालय म्हणजे लाल दाण्याचं जुनं भात, उकड्या तांदळाच्या पेजेचं. भात निसवलं की ती मळ्यात फिरते आणि वेगळी दिसणारी लोंबी मुळासकट उपटून बाहेर काढते. कापणीच्या आधी बियाण्याच्या लोंब्या स्वतः हातानं निवडते. त्या वाळवून, झोडून, पेंढ्यात बांधून मुड्या माळ्यावर चुलीच्या धुरात ठेवते. मिरगाच्या आधी माणसं पायलीनं बियाणं घेऊन जातात आणि सुगी झाली की सव्वा पायली परत आणून देतात. पैसे नाहीत, वही नाही. मीच एकदा वही घेऊन तिच्यापुढं बसलो. ती आठवून सांगत गेली, मी लिहीत गेलो. चार गावांतली ३७ घरं निघाली.

सात-आठ वर्षांपूर्वी एका संस्थेनं तालुक्यात सेंद्रिय शेतकऱ्यांचा सत्कार जाहीर केला. अर्ज माझ्याच दुकानात आले. मी काकीला म्हटलं, तुझ्या नावानं भरूया. ती म्हणाली, “माज्या नावार काय आसा रे झिला? काय लिवतलंस?” खरंच काही लिहिता येईना. सातबारा हवा, आठ-अ हवा, दोन्हींवरचं नाव आणि अर्जदाराचं नाव एक हवं. मी संस्थेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “घरातल्या ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या नावानं पाठवा ना, घर तर एकच.” मला तेव्हा ते पटलं. घराचा मान तो काकीचा मान, असं मी धरून चाललो. दादाचं नाव घातलं, माहिती सगळी काकीची घातली, फोटोही तिच्याच मळ्याचे. अर्ज मी भरला. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून सलते.

निवड झाली. दादा आला. शाल, श्रीफळ, ढाल. भाषणात तो म्हणाला, “आम्ही पूर्वजांचा लाल भात जपला आहे.” काकी चौथ्या रांगेत बसली होती. घरी येताना रिक्षात ती गप्प होती. गोठ्यात शेण भरताना एकच बोलली, “भाताचा नाव पन घेवक नाय तेना.” स्वतःच्या नावाचं काही नाही. वालय हा शब्द उच्चारला गेला नाही, याचं तिला लागलं.

त्या रात्री दादाचं आणि माझं भांडण झालं, ते आजवर मिटलेलं नाही. त्याचं म्हणणं होतं, “काकी वेगळं काय करते? सगळ्याच बायका शेतात राबतात. आणि सेंद्रिय कसलं, खताला पैसे नव्हते म्हणून घातलं नाही, एवढंच.”

हे दुसरं वाक्य नीट बघायला हवं, कारण तुमच्या निवड समितीतही कुणीतरी ते बोलणार आहे. कोकणात खत न घालणारी पुष्कळ शेतं आहेत, मग ते सगळे शेतकरी जाणते का, असा प्रश्न येईल. नाहीत. पण पैसे नव्हते म्हणून न घालणं आणि घालून, बघून, हिशेब करून सोडणं यांत फरक आहे.

काका होते तेव्हा त्यांनी खालच्या मळ्यात युरिया टाकून पाहिला होता. वालय उंच वाढतं. नत्र जास्त मिळालं की आणखी वाढतं, काडी कमजोर होते आणि भाद्रपदातल्या पावसात आडवं होतं. तसंच झालं. पुढच्या वर्षी काकांनी जया आणलं. १९६८ साली आलेलं ते बुटकं वाण, खत सोसणारं. ते चांगलं पिकलं, वालयपेक्षा जास्त पिकलं, हे काकी आजही कबूल करते. पण बुटक्या भाताचा पेंढा कमी. फाल्गुनातच गोठ्यातला चारा संपला. पेंढा विकत घ्यावा लागला, मग एक गाय विकावी लागली, गाय गेली तसं शेण कमी झालं, आणि पुढच्या वर्षी युरिया जास्त लागला. शिवाय आमच्याकडचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि खाली जांभ्याची माती. घातलेल्या नत्रातलं कितीतरी पाण्याबरोबर वाहून जातं. काकीनं हे सगळं धरून हिशेब केला. काका गेल्यावर दोन-तीन वर्षं वरच्या कुणग्यात जया आणि खालच्या मळ्यात वालय, असं शेजारी शेजारी लावून पाहिलं आणि मग जया सोडलं. आता मला सांगा, कृषी संशोधन केंद्रात यापेक्षा वेगळं काय करतात?

दुसरी गोष्ट भाजावळीची. तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला आमच्याकडं पूर्वी डोंगरावरचे ऐन-किंजळ छाटून कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, आणायचे. डोंगर उघडे पडत चालले तसं काकीनं मेरेवर, म्हणजे बांधावर, गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं आणि त्याचा पाला चिखलणीच्या वेळी तुडवून गाडायला सुरुवात केली. गिरीपुष्पाची शिफारस कृषी खातं कधीपासून करतंय, त्यात तिचा शोध काही नाही. पण आमच्या वाडीत ते पहिल्यांदा लावलं तिनं, आणि तिचं बघून पुढं निम्म्या वाडीनं लावलं. जाणतं माणूस मी याला म्हणतो.

तेव्हा तुमच्या अर्जात हे विचारा: काय करून पाहिलंत आणि का सोडलंत? ज्याला याचं उत्तर वर्ष आणि कुणगा सांगून देता येतं तो तुमचा माणूस. ज्याच्याकडं फक्त यशाचे आकडे आहेत त्याचा अर्ज बाजूला ठेवा. आणि त्याचं बियाणं, कलमं किंवा पद्धत किती घरांत गेली ते विचारा. मग त्या घरांत जाऊन खात्री करा. जायचं ते जुलैत, पाऊस अंगावर घेत. डिसेंबरात सगळीच शेतं चांगली दिसतात.

काही जण तुम्हाला आंबा बागायतदारांची नावं सुचवतील. त्यांतल्या कुणाबद्दल मी बोलत नाही. पण महामार्गावर ‘सेंद्रिय हापूस’ची जी पाटी दिसते तिच्याखाली थांबून एकच विचारा, कल्टार घालता का? मोहोर लवकर आणि दरवर्षी यावा म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालायचं हे रसायन आहे. ते घातलं की बाग सेंद्रिय राहत नाही, मग वरून कितीही गोमूत्र फवारा. पुष्कळ लोक भौगोलिक मानांकनाचं चिन्ह दाखवून विषय बदलतात. हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांना. ते आंबा कुठला आणि कुठल्या जातीचा हे सांगतं, फवारणीबद्दल एक शब्द सांगत नाही.

मोठं नाव हवंच असेल तर किनाऱ्यावरचंच देतो. भास्कर सावे. पालघरची हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं की उंबरगावजवळ देहरी गाव आहे, तिथं त्यांची ‘कल्पवृक्ष’ वाडी, चिकू-नारळाची. २०१५ साली ते गेले. २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक महासंघानं, आयफोमनं, त्यांना जीवनगौरव दिला. हा माणूस सुरुवातीला रासायनिक खतांची एजन्सी चालवत होता. घालून, बघून, सोडलेला. आणि शनिवारी दुपारी त्यांची वाडी येईल त्याला बघायला खुली असायची. घाटावरच्या राहीबाई पोपेरे घ्या. अकोले तालुक्यातल्या, शाळेत न गेलेल्या. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती घरात राखलेल्या देशी बियाण्यांसाठी. म्हणजे बियाणं राखणाऱ्या बाईला देश ओळखू शकतो. मग तालुक्याला का जमू नये?

सन्मान एकाच माणसाचा करायचा हेही कुणी ठरवलं? वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्यानुसार शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वापरायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. त्याच कायद्याखाली वाणं जपणाऱ्या समूहांनाही पुरस्कार देतात, एकेकट्या शेतकऱ्यांना देतात तसेच. तुम्ही एखाद्या वाडीला सन्मान द्या. मग सातबाऱ्याचा प्रश्नच येत नाही.

प्रमाणपत्राबद्दल विचारलं नाहीत, पण समितीत विषय निघेलच. ते सक्तीचं करू नका. निर्यातीचं प्रमाणपत्र घ्यायचं तर भातासारख्या पिकाला दोन वर्षं आणि आंबा-काजूला तीन वर्षं रूपांतरात काढावी लागतात, वर तपासणीचा खर्च. गटाचं पीजीएस प्रमाणपत्र त्यापेक्षा सोपं. किमान पाच शेतकरी लागतात, ते एकमेकांची शेतं तपासतात. पण पाच घरांनी एका कागदावर सह्या करायच्या म्हणजे भावबंदकीत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता काही गोष्टी माझ्याच बोलण्याच्या उलट जाणाऱ्या आहेत, त्याही लिहितो. लांबच्या गिऱ्हाइकाला विकायचं तर प्रमाणपत्राशिवाय गत्यंतर नाही. जो आपलं शेत ओळखत नाही त्यानं विश्वास कशावर ठेवायचा? तेव्हा प्रमाणपत्रवाले सगळे खोटे असं मी म्हणत नाही. कल्टार न घालता, तुडतुडे आणि भुरी सोसून, एक वर्षाआड पीक घेणारे बागायतदारही मला माहीत आहेत. त्यांचं नुकसान भाताच्या शेतकऱ्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. आणि जुनं ते सगळं चांगलं असंही नाही. वालयचं पीक कमी येतं, हे तर मी वर सांगितलंच. घरात खाणारी तोंडं जास्त असतील त्यानं बुटकं भात लावलं तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

दादाबद्दलही न्यायानं बोलायला हवं. मांगराचं, म्हणजे शेतातल्या खोपटाचं, छप्पर उडालं तेव्हा पैसे त्यानं पाठवले. दगडी गडगा त्यानं घातला. जमीन विकायला दलाल तीनदा आला, दादानं तिन्ही वेळा त्याला परत पाठवला. हे सगळं त्यानं केलं नसतं तर काकीला लावणीला मळा उरला नसता. पण जमीन राखणं वेगळं आणि बियाणं राखणं वेगळं. ढाल बियाण्याची होती.

काकी आता चौऱ्याहत्तरची आहे. गेल्या पावसात मेरेवर पाय घसरून पडली, तेव्हापासून लावणीला उतरत नाही, पण निवडीला जाते. या वर्षी माळ्यावर नऊ मुड्या आहेत. त्यांतल्या दोन माझ्या बायकोनं बांधल्या, काकी शेजारी बसून सांगत होती.

दादा हे वाचतो, मला माहीत आहे. म्हणून इथंच लिहितो. ए.कु.मॅ. शेरा कमी करून बाकीच्या वारसांसोबत काकीचं नाव लावण्याचा अर्ज मी भरून ठेवलाय. तलाठ्याशी बोललोय. तुझा संमतीचा जबाब लागेल, म्हणजे नोंदीला हरकत राहणार नाही. गणपतीला येशील तेव्हा आधार कार्ड घेऊन ये. आणि येताना ती ढाल घेऊन ये, पडवीत खुंटी मोकळी आहे.